पावसाची दुआ आणि दरीचा हक्क



मदीनेत एकदा दुष्काळ पडला. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) जुम्ह्याचा खुत्बा देत असताना एका खेडूताने पावसासाठी दुआ करण्याची विनंती केली. दुआ झाली आणि पाऊस सुरू झाला, तो पुढच्या जुम्ह्यापर्यंत थांबलाच नाही. घरे कोसळली, वाटा बंद झाल्या. पुन्हा विनंती आली तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) केलेली दुआ हजरत अनस (रजि.) यांनी कथन केली असून ती सहीह बुखारीत आहे. तिच्यात पाऊस नाहीसा व्हावा अशी याचना नाही. तो वस्तीवर न पडता सभोवती, टेकड्यांवर, दऱ्यांच्या पोटात आणि झाडे उगवतात तेथे पडावा, एवढेच मागणे आहे. पाऊस ही रहमतच, प्रेषितांनी (सल्ल.) तिच्यासाठी योग्य जागा मागितली.

आता जून २०१३ मधील उत्तराखंड आठवा. त्या काळी एरवी जुलैच्या मध्यापर्यंत देश व्यापणारा मोसमी पाऊस त्या वर्षी १६ जूनलाच सर्वत्र पोहोचला. हिमालयाच्या उतारांवर तो दिवसरात्र कोसळत राहिला. १७ जूनच्या सकाळी केदारनाथच्या वरचा चोराबाडी तलाव फुटला. मंदाकिनीच्या काठावर उभारलेल्या इमारती वाहून गेल्या. हजारो माणसे दगावली. त्यांत महाराष्ट्रातले यात्रेकरूही होते.

अशा वेळी काही जण ‘अजाब’ म्हणून मोकळे होतात. बंधूंनो, सावध असा. कोणावर प्रकोप झाला हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. बुडालेला यात्रेकरू अन्य धर्माचा असला, तरी तो आदम (अलै.) यांचीच संतती आहे. शिवाय नदीच्या जागेत भिंत बांधणारा एक असतो आणि त्या भिंतीखाली सापडणारा बहुधा दुसराच.

निवाडा करायचाच असेल तर स्वतःच्या आचरणाचा करावा. माणसांच्याच करणीने भूमीवर व समुद्रात बिघाड पसरतो, अशी जाणीव पवित्र कुरआन देतो. गावच्या ओढ्यात भराव टाकून प्लॉट पाडणारा, स्वस्त मिळाला म्हणून तो घेणारा आणि नाल्यात कचरा लोटणारा, या तिघांनाही त्या बिघाडाचा जाब द्यावा लागेल. दऱ्यांचे पोट प्रेषितांनी (सल्ल.) पाण्यासाठी मागितले. तेथे आपणच ठाण मांडले, तर ती दुआ कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून यंदा मृगापूर्वी प्रत्येक मोहल्ल्याच्या जमातने आपला ओढा पाहून यावा, तो मोकळा करावा आणि मगच हात उचलावेत.

अल्लाह आपल्याला पावसाची रहमत देवो आणि तिची वाट न अडवण्याची सद्बुद्धीही देवो. आमीन.