आपल्या माणसांसाठी बोलताना



आपल्या माणसांसाठी शब्द टाकणे हा सद्गुणच आहे. मुलाच्या नोकरीसाठी बाप चार घरी जातो, गावाच्या पाण्यासाठी सरपंच कचेरीचे उंबरठे झिजवतो. मग एखाद्या व्यवसायाची संघटना सरकारदरबारी आपल्या सभासदांची बाजू मांडते, ते चुकीचे कधी ठरते? न्यूझीलंड देशाची हकिकत या प्रश्नावर विचार करायला लावणारी आहे.

तेथे गुरे व मेंढ्या भरपूर. रवंथ करणारी ही जनावरे ढेकरेवाटे मिथेन वायू सोडतात आणि तो पृथ्वी तापवतो. हवामान बिघडवणाऱ्या त्या देशाच्या वायूंपैकी सुमारे निम्मे शेती व पशुपालनातून येतात. २००३ साली सरकारने या विषयावरील संशोधनासाठी पशुपालकांवर लहानसा कर सुचवला. शेतकरी संघटनांनी रान उठवले, एका खासदाराने संसदेच्या पायऱ्यांवर ट्रॅक्टर चढवला आणि कर बारगळला. २००८ साली प्रदूषणाची किंमत वसूल करणारा कायदा झाला. त्यात शेतीला आणण्याची तारीख ठरली, पुढे गेली, पुन्हा पुढे गेली.

२०१९ साली सरकार आणि शेती-दुग्धव्यवसायातील संघटना एकत्र बसल्या. या भागीदारीला माओरी भाषेतले नाव दिले, ‘हे वाका एके नोआ’, म्हणजे आपण सारे एकाच होडीत आहोत. २०२२ मध्ये सरकारने शुल्काचा आराखडा मांडला, तेव्हा ट्रॅक्टर पुन्हा रस्त्यावर आले. २०२३ मध्ये सत्तापालट झाला. जून २०२४ मध्ये नव्या सरकारने ही भागीदारी गुंडाळली. २०५० पर्यंत मिथेन २४ ते ४७ टक्के कमी करण्याचे ध्येय होते, ते १४ ते २४ टक्क्यांवर आणण्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

शेतकऱ्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो, कार्बन वायू शतकानुशतके. आम्ही दूध कमी केले तर दुसरा देश अधिक प्रदूषण करून ते पुरवील, असेही ते म्हणतात. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाची भीती खोटी नसते. म्हणूनच २०१९ च्या कायद्याने मिथेनला वेगळे, सौम्य ध्येय दिले होते. सवलत मिळाल्यावरही ते ध्येय आणखी खाली आले. येथे विवेकबुद्धीला प्रश्न पडतो.

पहिला प्रश्न असा : आपण मुदत मागतो की सुटका? ‘आज नको’ म्हणणारा प्रामाणिक असू शकतो. पण वीस वर्षे ‘आज नको’ म्हणणाऱ्याला खरे तर ‘कधीच नको’ म्हणायचे असते. दुसरा प्रश्न : बैठकीत कोण नाही? त्याच महासागरात तुवालू आणि किरिबाटी ही बेटे आहेत. समुद्रापासून जेमतेम काही फूट उंच. वाढत्या पाण्याची झळ त्यांना आधी लागते, पण न्यूझीलंडच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. जन्माला न आलेल्या मुलांनाही नाही. होडी एकच, पण वल्ही मात्र मोजक्यांच्याच हाती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच खंत मांडली आहे : मूठभरांचे हितसंबंध सर्वांच्या हितावर सहज मात करतात. शेजारी कोण, असे विचारणाऱ्या शास्त्र्याला प्रभू येशूने दयाळू शोमरोनीची गोष्ट सांगितली. वाटेवर पडलेला जखमी माणूस त्या शोमरोन्याच्या जातीचा नव्हता, गावचा नव्हता.

आपणही सोसायटीत, पंचायतीत, संघटनेत आपल्या माणसांसाठी बोलतो. जरूर बोलावे. मात्र बोलण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे : आपली मागणी मान्य झाली, तर तिची किंमत कोण मोजणार? तो माणूस समोर बसला असता, तर हेच शब्द आपल्या तोंडून निघाले असते का?