जाणत्याचे मौन

व्यवहारात खोटे बोलणे हराम आहे, हे समजण्यासाठी कोणा आलिमाकडे जावे लागत नाही. प्रश्न कठीण होतो तो जेथे विक्रेता खोटे काहीच बोलत नाही, केवळ गप्प राहतो, तेथे. ग्राहकाने विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही. अशा मौनाला पाप म्हणावे काय? आणि म्हणावे, तर कोणत्या आधारावर? वापरलेल्या वाहनांच्या खरेदी-विक्रीत हा प्रश्न रोजचाच आहे, आणि वाहनाच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत तो सर्वांत तीव्रतेने उभा राहतो.

याचे कारण समजून घ्यावे. टायर झिजला तर डोळ्यांना दिसतो, पत्रा गंजला तर बोटाला लागतो. गिअरबॉक्स मात्र बंद कवचात, तेलात बुडालेला असतो. त्याचे दुखणे तो उघडल्याखेरीज पुरते कळत नाही, आणि सौद्याच्या वेळी तो कोणी उघडत नाही. परंतु जो रोज ते वाहन चालवतो त्याला सर्व ठाऊक असते. सकाळच्या गारव्यात दुसरा गिअर टाकताना घासतो आणि इंजिन तापल्यावर तो आवाज कमी होतो, हे त्याला माहीत असते. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप सटकतो, हेही तो जाणतो. दोन क्लचच्या स्वयंचलित गाडीत पुष्कळदा उलटे घडते. थंड असताना ती सुरळीत चालते, आणि अर्धा तास गर्दीत तापली की हिसके देऊ लागते. म्हणजे आपले वाहन कोणत्या घटकेला निरोगी दिसते, हे मालकाला पक्के ठाऊक असते. त्याच घटकेला ग्राहकाला बोलावणे त्याच्या हाती असते. एकाजवळ काही वर्षांचा सहवास असतो, दुसऱ्याजवळ पंधरा मिनिटांची फेरी.

समजा, परभणीचा एक तरुण हौसेने पुण्याहून वापरलेली स्पोर्ट्स कार विकत घेतो. रंग झळाळता आहे, कागदपत्रे स्वच्छ आहेत, सकाळची छोटी फेरी निर्वेध पार पडते. मालकीबदलाचे नमुना 29 व नमुना 30 भरून सह्या होतात. त्या नमुन्यांत मालकाचे नाव आहे, चासीचा क्रमांक आहे. गिअरबॉक्सच्या दुखण्यासाठी रकाना नाही. गाडी घरी पोहोचण्यापूर्वीच वाटेत हिसके देऊ लागते, आणि दुरुस्तीचा अंदाज ऐकून तिची निम्मी हौस तेथेच संपते. कोणी म्हणेल, श्रीमंताची चैन बुडाली, त्यात एवढे काय? मग त्या तरुणाच्या जागी जिंतूर तालुक्यातील एक शेतकरी ठेवून पाहा. त्याने कापसाच्या पैशांतून जुनी जीप घेतली आहे, प्रवासी वाहून घर चालवण्यासाठी. पहिल्याच महिन्यात गिअरबॉक्स अडकतो आणि हप्ता मात्र चालूच राहतो. दोघांच्या हानीत अंतर आहे. दोन्ही विक्रेत्यांच्या मौनात काहीही अंतर नाही.

आपल्या देशाचा कायदा या मौनाविषयी काय म्हणतो, हे पाहण्याजोगे आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 17 वे कलम कपटाची व्याख्या करते. ठाऊक असलेली गोष्ट कृतीने झाकून टाकणे हे त्यात कपट ठरते; परंतु नुसते गप्प राहणे सामान्यतः कपट ठरत नाही. कायद्याने तेथे घोड्याचे उदाहरण दिले आहे. आपला घोडा सदोष आहे हे ठाऊक असलेला मनुष्य तो लिलावात विकतो आणि काही बोलत नाही. हे कपट नव्हे. पुढच्याच उदाहरणात घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे मात्र नात्यामुळे दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. वाचकहो, या दोन उदाहरणांमधील अंतरावर क्षणभर विचार करावा. परक्यासमोर मौन चालते, मुलीसमोर चालत नाही. कायदा एका नैतिक सत्याची कबुलीच देत आहे. दोष लपवणे वाईट आहे हे तो जाणतो. फक्त बोलण्याचे बंधन तो नात्यापुरते ठेवतो.

इस्लामने हे बंधन नात्यापुरते ठेवले नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस सर्वपरिचित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीपाशी थांबले, राशीत हात घातला, तो बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पाऊस लागल्याचे सांगितले. लोकांना दिसावे म्हणून ते ओले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले आणि जो फसवतो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. त्या विक्रेत्याने धान्य कोरडे असल्याचे म्हटल्याचा उल्लेख हदीसमध्ये नाही. त्याचा अपराध इतकाच की ओले खाली आणि कोरडे वर राहिले. पावसाने धान्य भिजले यात त्याचा दोष नव्हता. दोष दृष्टीआड राहू दिला, हा त्याचा दोष होता. गिअर झिजणे हाही कोणाचा गुन्हा नाही. यंत्र झिजतेच.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आणखी एक शिकवण येते. जनावर विकण्यापूर्वी काही दिवस न पिळता ठेवून, कास भरलेली दाखवण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आणि असे जनावर परत करण्याचा अधिकार ग्राहकाला दिला. येथेही विक्रेत्याने तोंडातून शब्द काढलेला नसतो. तुंबवलेली कासच त्याच्या वतीने बोलते. कुरकुरणाऱ्या गिअरबॉक्समध्ये जाड तेल भरून त्याचा आवाज चार दिवस दाबणे ही त्याच प्रकारची युक्ती आहे. ग्राहक येण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवणे, हीही तीच.

अशा मौनाने नेमके काय मोडते? कुरआनच्या सूरह निसामध्ये (4:29) परस्परांचा माल खाण्याची मनाई करताना, उभयतांच्या राजीखुशीने झालेला व्यापार तेवढा वगळला आहे. म्हणजे पैसा हलाल होतो तो संमतीमुळे. परंतु संमती कशाला दिली जाते? ग्राहकाने जी वस्तू मनात धरली, तिला. त्याने धडधाकट वाहनाला होकार दिला आणि त्याच्या हाती आजारी वाहन पडले. जे त्याला ठाऊकच नव्हते त्याला त्याने होकार दिला, असे म्हणणार कसे? वरकरणी सही आहे, हस्तांदोलन आहे; आत संमती नाही. दोष जाणणाऱ्याचे ज्ञान हे त्या क्षणी त्याचे खासगी धन राहत नाही. ज्याच्या निर्णयाचा आधार ते ज्ञान आहे, त्याची ती अमानत होते.

ही अमानत केवळ विक्रेत्याकडे असते असेही नाही. मुसनद अहमदमध्ये हजरत वासिला (रजि.) यांचा प्रसंग आहे. एका मनुष्याने उंट विकत घेतला आणि तो निघाला. हजरत वासिला (रजि.) त्याच्या मागे धावत गेले. उंट मांसासाठी घेतला की प्रवासासाठी, असे त्यांनी विचारले. हजच्या प्रवासासाठी, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सांगितले की उंटाच्या पायाच्या तळव्याला छिद्र आहे. विक्रेता रागावला की तुम्ही माझा सौदा बिघडवता. त्यावर त्यांनी प्रेषितांची (स.) शिकवण ऐकवली की दोष न सांगता विकणे वैध नाही, आणि ज्याला तो दोष ठाऊक आहे त्याने तो न सांगणेही वैध नाही. त्यांचा प्रश्न किती नेमका होता, हे पाहावे. मांसासाठी घेतलेल्या उंटाला तळव्याच्या छिद्राने फारसे बिघडत नाही; प्रवासाला निघालेल्याला वाळवंटात बिघडते. भंगारात काढायच्या गाडीचा गिअरबॉक्स आणि रोज प्रवासी वाहणाऱ्या जीपचा गिअरबॉक्स यांत हेच अंतर आहे.

म्हणून आपल्या गॅरेजवाल्या बांधवांनी आणि सौदा जुळवणाऱ्या दलालांनी स्वतःला या प्रश्नातून वगळू नये. मिस्त्री म्हणतो, मी तर विकणारा नाही. जुन्या गिऱ्हाइकाच्या वाहनाचा ऐब उघड केला तर ती गीबत होईल. ही शंका प्रामाणिक असू शकते, परंतु ती टिकत नाही. हजरत फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी विवाहाच्या मागण्यांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) मागणी घालणाऱ्यांच्या उणिवा त्यांना स्पष्ट सांगितल्या. याच आधारे इमाम नववी (रह.) यांनी, सल्ला मागणाऱ्याला सावध करणे हे निषिद्ध गीबतीतून वगळले आहे. माणसाच्या बाबतीत जे वैध, ते लोखंडाच्या बाबतीत अवैध कसे होईल? साक्ष लपवणाऱ्याचे अंतःकरण पापी होते, असा इशारा सूरह बकरामध्ये (2:283) आहे. वाहन तपासण्यास बोलावलेला मिस्त्री हा साक्षीदारच आहे.

यावर चतुर मनुष्य एक पळवाट काढतो. तो म्हणतो, ‘जशी आहे तशी’ देतो, पुढची जबाबदारी माझी नाही. हनफी फिकहमध्ये अशी अट घालून केलेली विक्री कायदेशीरदृष्ट्या ग्राह्य धरली आहे, हे खरे. परंतु इमाम मालिक (रह.) यांच्या मुवत्तामधील एक निवाडा येथे दिशा दाखवतो. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांनी दोषाच्या जबाबदारीतून मुक्त राहण्याच्या अटीवर आपला एक गुलाम विकला. खरेदीदाराने त्यात रोग असल्याची तक्रार केली. खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांनी निवाडा दिला की विकताना मला असा रोग ठाऊक नव्हता, अशी शपथ विक्रेत्याने घ्यावी. शपथ घेण्यापेक्षा हजरत इब्ने उमर (रजि.) यांनी व्यवहार परत घेणे पत्करले. शपथेविषयी एवढी धास्ती बाळगणारी ती माणसे होती. ‘जशी आहे तशी’ म्हणणाऱ्याने स्वतःला हाच प्रश्न विचारावा: मला काही ठाऊक नव्हते, असे मी अल्लाहची शपथ घेऊन म्हणू शकेन काय? जे ठाऊक नाही त्याची जबाबदारी ही अट झटकू शकते. जे ठाऊक आहे त्याची नाही.

तराजूचे दुसरे पारडेही पाहावे. ग्राहकाने भाव पाडण्यासाठी नसलेले दोष चिकटवणे, हेही लोकांच्या वस्तूचे मोल घटवणेच होय, हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या कौमला त्यापासून रोखले होते. फिकहने ग्राहकाला ऐब आढळल्यास माल परत करण्याचा अधिकार दिला, तसे बंधनही घातले. दोष कळल्यावरही तो वाहन वापरत राहिला, तर त्याने दोषासह ते स्वीकारले असे धरले जाते. आपल्या ताब्यात नवा बिघाड झाला, तर हनफी मतानुसार तो वाहन परत देऊ शकत नाही. जुन्या दोषामुळे घटलेल्या किमतीची भरपाई मात्र मागू शकतो. चार महिने जीप दामटून मग जुन्या दोषाच्या नावाने सर्व पैसे मागणाराही न्याय करत नाही.

आणि ग्राहक मुस्लिम नसेल तर? परभणी, सेलू, मानवत किंवा गंगाखेडच्या बाजारात विकणारा एका धर्माचा आणि घेणारा दुसऱ्या धर्माचा असणे नित्याचेच आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांचा धिक्कार करताना अल्लाहने ‘लोक’ हा शब्द वापरला आहे. त्यात कोणाचीही जात-जमात नाही. शेजाऱ्याला फसवून मिळालेला पैसा त्याचा धर्म वेगळा असल्याने हलाल होत नाही. उलट एका माणसाच्या मौनामुळे संपूर्ण समाजाच्या सचोटीवर बोट ठेवले जाते.

शेवटी तोट्याचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. दोष सांगितला तर किंमत उतरते. गरजू विक्रेत्याला ते जड जाते. परंतु उतरलेली किंमत हीच त्या वाहनाची खरी किंमत होती. वरचा पैसा वाहनाचा नसून ग्राहकाच्या अज्ञानाचा होता, आणि दुसऱ्याचे अज्ञान ही विक्रीची वस्तू नव्हे. इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात येते की भागीदाराने दोष सांगण्याचे विसरून एक सदोष कापड विकले, आणि ग्राहक कोण हे कळेना, तेव्हा इमामांनी त्या विक्रीचे पैसे दान करून टाकले. हजरत हकीम इब्ने हिजाम (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसचा आशय असा की उभयतांनी खरे बोलून दोष उघड केला तर सौद्यात बरकत येते, आणि लपवले तर ती पुसली जाते.

तेव्हा वाहन विकताना कागदावर दोन ओळी अधिक लिहाव्यात: दुसरा गिअर थंडीत घासतो, गाडी तापल्यावर हिसके देते, गिअरबॉक्स एकदा उघडला आहे. दोन साक्षीदारांसमोर ग्राहकाला त्या वाचून दाखवाव्यात. सरकारी नमुन्यात त्यासाठी रकाना नसेल. आपल्या कर्मपत्रात आहे.