राहुटीतले सुख

घर बांधण्यासाठी माणसाने हजारो वर्षे खटपट केली. आणि घर बांधून होताच त्याला घराबाहेर जेवावेसे वाटू लागले. ही ओढ काही आजची नव्हे. दिवाळी सरते न सरते तोच आवळीभोजनाचे दिवस येतात. कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडावी, घरी रोज होतो तोच वरणभात पानात घ्यावा, आणि तो चार घास अधिक जावा, हा अनुभव ज्याने घेतला नाही असा माणूस जुन्या पिढीत विरळाच. गोकुळातला काला तरी दुसरे काय होता? ज्याची त्याची शिदोरी एकत्र कालवून उघड्यावर केलेले जेवणच ते.

या जुन्या हौसेने अलीकडे नवे रूप घेतले आहे. आमच्या पालघर जिल्ह्यात केळव्याच्या सुरूबनांपासून जव्हारच्या डोंगरापर्यंत पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेले दिसतात. तंबू म्हणायचे एवढेच. आत पलंग, गुबगुबीत गादी, पंखा आणि गरम पाण्याचे न्हाणीघर! बाहेर शेकोटी पेटते, पापडी, रताळी आणि कोनफळे भरलेली उकडहंडी उतरते, आणि चांदण्याखाली मांडलेल्या मेजावर ती वाढली जाते. ग्लॅमर आणि कॅम्पिंग या दोन शब्दांच्या संकरातून याला ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव मिळाले आहे. आखाती देशांत नोकरीला गेलेली आपली मुले तिथल्या हजर पर्वतातल्या अशाच मुक्कामाची छायाचित्रे घरी पाठवतात. उघडेबोडके तपकिरी डोंगर, मध्ये गालिचे अंथरलेला तंबू आणि पुढे पंचपक्वान्नांचे ताट. त्याच भागातल्या रस अल खैमा या अमिरातीच्या नावात ‘खैमा’ म्हणजे तंबूच आहे. बदाऊनी लोक बकरीच्या केसांच्या कापडाचा तंबू ठोकून त्या वाळवंटात राहत, आणि दारी आलेल्या अनोळखी पाहुण्याला तीन दिवस काहीही न विचारता जेवू घालत. तंबू त्यांचे घर होते, आणि आतिथ्य हा त्या घराचा धर्म होता.

एके काळी ज्याच्यावाचून गत्यंतर नव्हते, ते आज चैन म्हणून विकत मिळते. यात वावगे काही आहे काय? सणाच्या दिवशी असला प्रश्न काढणे बेरसिकपणाचे वाटेल. पण मुलाबाळांना घेऊन चार दिवस कुठे जावे याचा विचार घरोघर होतो तो याच दिवसांत. तेव्हा तो आताच विचारलेला बरा.

चैन हीच मुळात वाईट, असे एक उत्तर चटकन देता येते. ते मला पटत नाही. मग करंज्या आणि चकल्या तरी कोणत्या गरजेपोटी तळायच्या? सत्तरीच्या आईला समुद्राची गाज ऐकत एक रात्र झोपावेसे वाटले, आणि तिच्या गुडघ्यांसाठी मुलाने पलंगाची अन् ऊन पाण्याची सोय पाहिली, तर त्याला नावे ठेवणारा माणूस विरक्त नसून नुसता आंबट आहे, असेच मी म्हणेन.

दुसरे उत्तर याच्या नेमके उलट आहे. पैसा चार हातांत फिरतो, गावातल्या पोरांना काम मिळते. मग तक्रार कसली? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि या जिल्ह्यात तर ते फार मोलाचे आहे. इथे पिढ्यान् पिढ्या माणसांना जमीनदाराच्या दारी फुकट राबवले गेले. १९४५ साली तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वेठ झुगारली, तेव्हा कुठे कामाला दाम असतो ही साधी गोष्ट या मातीत रुजू लागली. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ती कथा आली आहे. तेव्हा रोख मजुरी घेऊन ताट वाढणाऱ्या तरुणाच्या कामात हलकेपणा मुळीच नाही. तरीही दाम दिला म्हणजे सगळे देणे फिटले, असे मात्र होत नाही. ते का, हे पाहण्यासाठी आणखी दोन तंबूंकडे वळावे लागेल.

पहिला धुंदलवाडीकडचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे हादरे बसू लागले आणि ते कित्येक महिने चालले. घरात झोपण्याची भीती वाटू लागली. ऐन थंडीत लोकांनी अंगणात आणि शेतात रात्री काढल्या. सरकारने तंबू दिले. आकाशभर तेच तारे होते. पण त्या रात्रींचे कुणी छायाचित्र काढून भिंतीवर लावलेले नाही.

दुसऱ्या तंबूची ओळख शिक्षकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा हजेरी घेताना काही नावांपाशी उत्तर येत नाही. भात कापून झाले की आमच्या भागातली अनेक वारली आणि कातकरी कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. सणासाठी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची असते. तिथे राहायचे ते पालात. काठ्या, गवत आणि वर प्लॅस्टिकचा कागद. एकदा वर्गात तंबू म्हणजे काय असे विचारले असता कुणी सर्कशीचा सांगितला, कुणी समुद्रावरचा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, भट्टीवर आमचा असतो तो.” उत्तर चुकले आहे असे वर्गात कुणालाच वाटले नाही, आणि खरोखर ते चुकलेले नव्हतेच.

एकाच पंधरवड्यात एक कुटुंब तंबूत राहायला निघते आणि दुसरेही तंबूत राहायलाच निघते. दोन्ही तंबूंबाहेर चूल पेटते, वारा तोच झोंबतो. मग भेद कुठे आला? गादीत आणि न्हाणीघरात तर तो आहेच. पण उद्या पालात कुणी गादी नेऊन टाकली तरी भट्टीवरच्या मुक्कामाला मौज म्हणता येणार नाही. भेद आहे तो परत फिरण्याच्या मोकळिकीत. पाऊस आला, डास चावले, मुलाला ताप भरला, तर आपण गाडी काढून घरी येतो. पालातल्या माणसावर उचलीचा बोजा आहे. तो हंगाम संपेपर्यंत हलू शकत नाही. आपण मोल देतो ते आकाशाचे देत नाही. आकाश त्यालाही आहे, आपल्याहून जास्तच आहे. आपली खरी चैन ही की आपल्या मागे कुलूप लावलेले घर उभे आहे.

हे उमगल्यावर तंबूत जाऊच नये काय? माझे मन तसे म्हणत नाही. आपण न गेल्याने एकही पाल वीटभट्टीवरून उठणार नाही. उलट गावातच काम मिळाले तर एखादे कुटुंब तिकडे जायचे वाचेलही. पण जाणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात, असे मात्र वाटते.

एक म्हणजे, या मौजेला साधी राहणी म्हणू नये. मौजेला मौजच म्हणावे. मुलांनाही तसेच सांगावे, म्हणजे काठीवर ताणलेला प्लॅस्टिकचा कागद रस्त्याकडेला दिसला तर तो कुणाचे तरी घर आहे हे त्यांना कळेल.

दुसरी गोष्ट आपल्या पंगतीनेच शिकवलेली आहे. पंगतीत वाढणारा मागाहून जेवतो, पण तेच जेवतो. आणि तो बसला की आधी उठलेल्यांपैकी कुणी त्याला आग्रहाने वाढतो. ही रीत पाळली जाते तोवर वाढणे ही सेवा असते. ती मोडली की उरते ती चाकरी. म्हणून उकडहंडी वाढणाऱ्या मुलाला विचारावे : तू जेवलास का? यातलेच जेवलास का? रात्री तू झोपतोस कुठे? आमच्यामागे कनातीच्या आडोशाला गोणपाटावर, की धड जागेत? शाळा कितवीपर्यंत झाली? मालकालाही हे विचारायला संकोच वाटू नये. दर ठरवताना न्हाणीघरात ऊन पाणी येते की नाही हे आपण विचारतोच. त्याच दमात हेही विचारावे. दहा पाहुण्यांनी विचारले तर अकराव्याच्या आधी तिथे एक खाट तरी वाढेल.

यंदा आवळीखाली पान मांडाल, किंवा सुरूखाली मेज मांडून घ्याल, तेव्हा जो वाढील त्याच्यासाठी हंडीत पुरेसे राखून ठेवा. आणि शाळेत जाणारे मूल घरात असेल तर त्याला विचारा, सुट्टीनंतर वर्गात कोण कोण आले नाही.