शब्द नाहीत म्हणे!

वह्या तपासून झाल्या. विषय होता 'बदलते पनवेल'. बहुतेकांनी विमानतळावर लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. डोक्यावरून विमान गेलं की मान वर होणारच. तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल. 'त्या क्षणी मला काय वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही.' हे वाक्य निम्म्या वर्गाने लिहिलंय. एका महाभागाने तर 'अवर्णनीय', 'शब्दातीत' आणि 'वर्णनातीत' असे तिन्ही एकाच परिच्छेदात कोंबलेत. सांगता येत नाही हे तीन तीनदा सांगितलंस, बाबा. तेवढ्या शाईत सांगून झालं असतं.

दहावीत आहात, तेव्हा गोंजारत बसत नाही. 'शब्द अपुरे पडतात' असं म्हणायचा हक्क शब्द वापरून थकलेल्या माणसाला असतो. ज्ञानेश्वरांनी म्हटलं तर शोभतं. 'अमृतानुभवा'त 'शब्दखंडन' नावाचं अख्खं प्रकरण आहे. शब्दाची धाव कुठे संपते ते तिथे त्यांनी दाखवलंय, पण त्याआधी शब्दाचे उपकार मानलेत. आणि हे कोणी लिहावं? ज्याने 1290 मध्ये ज्ञानेश्वरीच्या सुमारे 9,000 ओव्या सांगितल्या, त्याने. तुम्ही चौथ्या ओळीला हात टेकता आणि वर आव आणता साक्षात्काराचा!

आता एक वही घेतो, नाव घेत नाही. 'विमानतळासाठी आमचे जुने गाव उठले तेव्हा आजीला खूप वाईट वाटले.' खूप वाईट. चाचणीत दोन मार्क गेले तरी खूप वाईट, मोबाइलची काच फुटली तरी खूप वाईट, आणि चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर अशी दहा गावं जागची हलली तरी खूप वाईटच? अरे, आजीला नेमकं झालं काय? देव हलवताना तिच्या पोटात कालवलं? नव्या घरात तिला करमेना? शेजारणीशी शेवटचं नीट बोलणं झालं नाही, याची चुटपुट लागली? की अंगठा उठवायलाच नको होता, ही रुखरुख? ही सगळी दुखणी वेगवेगळी आहेत. चुटपुट चार दिवसांनी विरते. रुखरुख वर्षानुवर्षं जात नाही, कारण तिच्यात आपलाही हात असतो. हुरहुरीला तर काही घडून जावं लागत नाही, निघायच्या आदल्या संध्याकाळीच ती लागते. आणि हळहळ वाटते ती बहुधा बाहेरून बघणाऱ्याला. तुला वाटली ती हळहळ. तीच तू वहीत आजीच्या नावावर खपवलीस.

आजीला विचारलंस का? नाही विचारलंस. कारण ती आगरी बोलते, आणि मित्र घरी आले की तिच्या बोलण्याने तुम्ही कानकोंडे होता. मी मुद्दाम 'ओशाळता' म्हटलं नाही. ओशाळतो तो आपली चूक उघडी पडल्यावर, वरमतो तो तोरा उतरल्यावर. इथे चूकही नाही आणि तोराही नाही, नुसतं चारचौघांत तोंड कुठे लपवावं कळत नाही. खरं तर या वागण्यापायी तुम्ही ओशाळायला हवं.

त्याच आजीच्या पिढीत लग्न लागायचं ते धवलारणीच्या, म्हणजे धवले ही लग्नातली गाणी गाणाऱ्या बाईच्या, गळ्यावर. पोथी नाही, कागद नाही. एकेका विधीला ती धवला गाते आणि मांडवातल्या बायकांचे डोळे पाणावतात. तेराव्या शतकातल्या महदंबेला मराठीची आद्य कवयित्री मानतात, ती तिच्या धवळ्यांमुळेच. एवढं जुनं धन अजून या तालुक्यात जिवंत आहे. त्याच्यावर तुम्ही डीजे लावता आणि सोमवारी वहीत लिहिता की शब्द नाहीत!

मोबाइलवर मात्र तुम्हाला दुरावलेल्याच्या ओढीसाठीचं पोर्तुगीजांचं 'सौदादे' सापडतं. रस्त्यातल्या प्रत्येक अनोळखी माणसाचंही आपल्याइतकंच भरलेलं आयुष्य असतं, या जाणिवेला 'सॉन्डर' म्हणतात, हेही तुम्हाला ठाऊक. छान आहे. तो शब्द जॉन केनिग नावाच्या अमेरिकन माणसाने घडवला. असे शब्द तो 2009 पासून जमवत, घडवत होता आणि 2021 मध्ये त्यांचं पुस्तक झालं. त्या गृहस्थाबद्दल मला आदर आहे. त्याला शब्द मिळाला नाही तेव्हा त्याने बसून तो तयार केला. तुम्ही त्या शब्दाचं चित्र स्टेटसला ठेवलंत. मोल्सवर्थ तर कंपनी सरकारच्या फौजेतला परका माणूस. पंडितांना सोबत घेऊन शब्द वेचत बसला, आणि 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या मराठी कोशात सुमारे 60,000 शब्द झाले. तुमच्या निबंधांत भावनांसाठी मला सापडले तीन: छान, वाईट आणि भारी.

मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, 'पण सर, काही गोष्टी खरंच सांगता येत नाहीत.' मान्य. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ज्याचं सगळं घर त्या चिखलाखाली गेलं, तो गप्प बसला तर त्याला कोणी शब्द मागू नये. पण म्हणूनच सांगतो, त्याच्या गप्प राहण्याच्या पंगतीला तुमचा आळस बसवू नका. त्याची वाचा गेली होती. तुम्हाला फक्त पान भरायचं होतं.

निबंध पुन्हा लिहायचा आहे. या खेपेला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि ते ज्या बोलीत बोलेल त्याच बोलीत त्याचे शब्द टिपा. शुद्धलेखन मी बघून घेईन. 'खूप वाईट' कुठेही दिसता कामा नये. शब्द अडला तर वाचनालयात दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, धूळ झटकून उघडा. सगळं करूनही काही सांगायचं उरलंच, तर शेवटच्या ओळीत बेलाशक लिहा की इथे शब्द संपले. पहिल्या ओळीत लिहिलंत, तर वही न वाचता परत मिळेल.