वाल भिजले का?

"कशी आहेस?" असं कुणी विचारलं की आपण "बरी आहे" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. विचारणारीचं मन चांगलं असतं. आपणही काही खोटं बोलत नसतो. पण प्रश्नच एवढा मोठा असतो, की खरं उत्तर द्यायचं तर निवांत बसायला हवं, कुठून सुरुवात करायची ते ठरवायला हवं. सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ते कुठून जमणार? त्याऐवजी कुणी विचारलं, "परवा वाल भिजत घातले होतेस ना, मोड आले का गं?" तर उत्तर आपोआप येतं. "अजून नाही. हवा गार आहे. फडक्यात बांधून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेत. रविवारी नणंद यायचीय." एवढ्या बोलण्यात तिला सगळं कळतं. इकडे गारवा आहे, मी उठून कामाला लागले आहे, घरी माणसं येणार आहेत, आणि मला त्याचा आनंद आहे. "कशी आहेस?"चं उत्तर तिला न विचारताच मिळालेलं असतं.

आमचा मैत्रिणींचा मोबाइलवर एक कट्टा आहे. मी दिघीची, एक नागपूरची, एक बेळगावची, एक नवऱ्याच्या नोकरीमुळे शारजाला. सगळ्यांत वडील ठाण्याच्या काकू. आम्ही सगळ्या एकत्र अशा कधी भेटलेलो नाही. बोलणं तीनच गोष्टींवर चालतं: आज काय रांधलं, घरातलं कुठलं काम उरकलं नि कुठलं राहिलं, आणि रोजचं एक कोडं. ऐकणाऱ्याला वाटेल, या बायकांना दुसरे विषय नाहीत का? आहेत. प्रत्येकीच्या घरी आजारपण आहे, कर्ज आहे, मुलांची काळजी आहे. पण त्या गोष्टी बोलायला आधी हाताला काहीतरी काम लागतं. बिरड्यासाठी वाल सोलायला बसलं की हे नीट कळतं. मोड आलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकायचे. साल सैल झालं की एकेक दाणा दोन बोटांत धरून दाबायचा. डाळिंबी टुपकन बाहेर येते, साल बोटात राहतं. पातेलंभर वाल सोलायला वेळ लागतो. नजर खाली, हात चालू. समोरची आपल्याकडे बघत नसते, आपण तिच्याकडे बघत नसतो. अशा वेळी जे तोंडातून निघत नाही तेही सहज निघून जातं. फोन डब्याला टेकवून, आवाज मोठा करून ठेवला तरी हेच घडतं. समोरची शारजात कणीक मळत असते, एवढाच फरक.

कोड्यांचं मला विशेष कौतुक आहे. कट्ट्यावर आमचा एक नियम आहे. जिला उत्तर सापडलं तिने फक्त "सुटलं" असं लिहायचं. उत्तर लिहायचं नाही. मागे राहिलेलीला तिचा वेळ द्यायचा. एकदा माझी पाळी होती तेव्हा मी घातलेलं कोडं असं: दिवसातून दोनदा दाराशी येते, रोज पाऊण तास उशीर करते, तरी तिच्यावर कुणी रागावत नाही. बेळगावची म्हणाली, एस.टी. शारजाची म्हणाली, झोप. उत्तर होतं भरती. आम्ही राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर राहतो. पलीकडे आगरदांडा, मधे फेरीबोट, समुद्राच्या बाजूला पाण्यात उभा जंजिरा. इथे पाणी केव्हा चढतं नि केव्हा ओसरतं यावर किती घरांची कामं ठरतात. त्याचं गणित कोळीवाड्यातली जुनी माणसं बोटांवर करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, ती दुपारी आणि रात्री बाराच्या सुमारास. म्हणून त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी लांबवर ओसरतं, खडक उघडे पडतात, आणि बायका कालवं काढायला निघतात. हे मी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगितलं आणि विचारलं, एकादशीला भरती कधी? बाकीच्या फोनमध्ये आकडे घालीपर्यंत ठाण्याच्या काकूंचं उत्तर आलं, "सव्वाआठ." त्यांना लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी सगळं तोंडपाठ करावं लागलं होतं. त्या दिवशी त्या फार खूश होत्या. शाळेतल्या गोष्टी सांगता सांगता दुपार झाली.

पण भरतीच्या कोड्याचं उत्तर सगळ्यांत आधी सापडलं होतं ते नागपूरच्या मैत्रिणीला. तिची आई नुकतीच गेली होती. आम्ही सगळ्यांनी तिला जे लिहायचं ते लिहिलं होतं. काळजी घे, धीर धर, आम्ही आहोत. मनापासूनच लिहिलं होतं. तिच्याकडून फक्त जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. मग बरेच दिवस तेही नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या आधी तिचा एक शब्द आला, "सुटलं." आम्ही कुणी काही म्हणालो नाही. संध्याकाळी उत्तर उघड झाल्यावर तिने भरतीबद्दल आणखी विचारलं. पाणी नेमकं कुठपर्यंत येतं, आवाज येतो का, रात्री भीती वाटत नाही का. मी सांगत गेले. मग तिने लिहिलं, "आईला एकदा समुद्र दाखवायचा राहिला गं." त्यानंतर ती आईबद्दल खूप बोलली. दुःखात असलेल्या माणसाला "कशी आहेस?"चं उत्तर देता येत नाही. त्या वेळी तो प्रश्न डोंगराएवढा असतो. पण कोड्याचं उत्तर देता येतं. भाजीत गूळ घालतेस का, याचं उत्तर देता येतं. तेवढ्या फटीतून माणूस परत आपल्यात येतं.

हे मला आधीही एकदा समजलं होतं. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा हा सगळा पट्टा त्याने झोडपून काढला. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. कौलं गेली, पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. त्यात टाळेबंदीचे दिवस. किती तरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फोन लागत नव्हते. रेंज आली तेव्हा मुंबई-पुण्याहून मायेच्या माणसांचे फोन सुरू झाले. सगळे एकच विचारायचे, "किती नुकसान झालं?" विचारणार तरी दुसरं काय! पण याचं उत्तर कसं द्यायचं? पोफळ लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेली वाडी तासाभरात गेली, तर आकडा कुठला सांगायचा? माणसं "आहोत जिवंत" म्हणायची आणि फोन ठेवायची. कट्ट्यावरच्या बेळगावच्या मैत्रिणीने मात्र विचारलं, "चूल पेटतेय का गं? लाकडं ओली असतील." मी म्हटलं, पडलेल्या माडांच्या झावळ्या वाळवून जाळतोय. ती म्हणाली, मग आज काय केलंस? पेज आणि भाजलेलं सुकट, मी म्हटलं. सुकट डब्यात होतं म्हणून वाचलं. डबा कुठे होता, छप्पर कुठून उडालं, आम्ही सगळे कुठल्या खोलीत बसलो होतो, असं सांगता सांगता सगळं वादळ बोलून झालं. त्या रात्री मला वादळानंतर पहिल्यांदा गाढ झोप लागली.

शब्दकोड्यांची एक हकिगत मला या संदर्भात आठवते. 'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने शब्दकोडं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं म्हणून किती तरी वर्षं ते छापलं नव्हतं. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर बाँब पडले. अमेरिका युद्धात उतरली, रात्री दिवे झाकून बसायची वेळ आली. तेव्हा संपादकांना पटलं, की लोकांना बातम्यांखेरीज आणखी काहीतरी हवं आहे. १५ फेब्रुवारी १९४२ च्या रविवारच्या अंकात त्यांचं पहिलं शब्दकोडं आलं. बातम्या त्या दिवशीही वाईटच होत्या. कोडं सोडवून युद्ध थांबत नाही. पण उभा चौथा शब्द अडला म्हणून शेजारणीचं दार ठोठावता येतं. दार उघडलं की बाकीचं बोलणं होतं.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. पहाटे जात्यावर बसलेल्या बायका दळता दळता ओव्या म्हणायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यात देवादिकांच्या ओव्या आहेत, तशा भाऊ, माहेर, सासर, शेत, पाऊस, लेकरू यांच्याही आहेत. घरात ज्यांचं म्हणणं कुणी विचारायचं नाही, त्या बायकांनी दाणे जात्यात टाकता टाकता सगळं आयुष्य सांगून ठेवलं. समोर जातं नसतं आणि कुणी त्यांना अंगणात बसवून विचारलं असतं, "बाई, तुमचं सुखदुःख काय?" तर त्या पदर सावरून "बरं आहे" म्हणाल्या असत्या, असं मला वाटतं. हाताखाली दळण होतं म्हणून बोलणं आलं. म्हणूनच, दोघी जणी फोनवर भाजीबद्दल बोलताना दिसल्या तर त्यांना कुणी हसू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. त्या काय बोलतायत हे भाजी शिजल्यावरच कळायचं असतं.

यासाठी फार वेळ लागत नाही, पण थोडं लक्ष लागतं. काल ती काय म्हणाली होती ते लक्षात ठेवावं लागतं. तिने टाकीवाला बोलावला होता का, तिच्या सासऱ्यांचा चष्मा सापडला का, लोणच्याला तेल पुरलं का. सकाळी सगळ्यांना एकदम फुलांचं चित्र पाठवणं सोपं असतं. त्यातही सदिच्छा असतेच, मी ती परत करत नाही. पण "लोणच्याला तेल पुरलं का?" हे एकीलाच विचारता येतं. ते वाचून तिला कळतं, की काल मी बोलले ते कुणीतरी ऐकलं होतं. उत्तर देतानाही तसंच. "चाललंय" म्हणण्यापेक्षा "आज भाकरी फुगली नाही, पीठ जुनं झालंय" म्हणावं. त्यावर चार जणी चार उपाय सांगतात. उपायांपेक्षा त्या चौघी महत्त्वाच्या.

पुरुषमाणसांनाही हे सहज जमेल. कामावरच्या सोबत्याला डब्याबद्दल, गावाकडच्या भावाला विहिरीच्या पाण्याबद्दल, निवृत्त झालेल्या सरांना आजच्या शब्दकोड्याबद्दल विचारता येतं. आमच्या फेरीबोटीवर रोज ये-जा करणारी माणसं असंच बोलतात. गाडीचा हेडलाइट दुरुस्त झाला का, मुलीची परीक्षा कधी आहे. खाडी ओलांडेपर्यंत तेवढं बोलून होतं आणि मग ज्याची त्याची वाट.

 आता एकच करा. बरेच दिवस जिचा किंवा ज्याचा काही निरोप नाही, असं एक माणूस आठवा. त्याला "कसा आहेस?" विचारू नका. त्याच्या घरातली, त्याच्या हाताखालची एखादी बारीकशी गोष्ट विचारा, जिचं उत्तर त्याला उभ्याउभ्या देता येईल. आणि उत्तर आलं, तर त्यावर आणखी एक प्रश्न विचारा.