एकवीस आणि तेवीस

एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप डोळ्यांसमोर आणा. १९८७ सालची जीप कोमँची, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात घडलेली. बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं चार लिटरचं इंजिन. मागे हौदा. या दोहोंच्या मधे, केबिनच्या तळाखाली, पाच गिअरचा गिअरबॉक्स. तो काढून जास्त ताकदीचा बसवायचा आहे. पण पाना अजून हातात घेऊ नका. थोडा वेळ नुसते गाडीखाली बसा.

आधी जोर कुठून कुठे जातो ते मनाने चालून पाहू. इंजिन मिनिटाला अडीच हजार फेरे घेत असताना सुमारे ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. पहिल्या गिअरमध्ये तो चौपट होतो. लो रेंज लावली की पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसमध्ये आणखी २.७२ पट. मागच्या एक्सलचं प्रमाण ३.०७ असेल, तर तिथे पुन्हा तिप्पट. घर्षणात जाणारा वाटा सोडला तर सुमारे दहा हजार न्यूटन-मीटर. हा आकडा मनात नीट बसू द्या. ओल्या मातीत रुतलेलं चाक आवाज न करता वर येतं, तेव्हा हा एवढा पीळ कुठल्या तरी धातूने सोसलेला असतो.

आता गिअरबॉक्सच्या आत या. दोन शाफ्ट शेजारी शेजारी, एकमेकांना समांतर. पुढे जाण्याच्या गिअरचे तिरपे दाते सतत एकमेकांत गुंतलेलेच असतात; आपण दांडा हलवतो तेव्हा सरकते ती फक्त स्लीव्ह. दात्यांवर जोर आला की दोन्ही शाफ्टना एकमेकांपासून दूर व्हायचं असतं. त्यांना जागेवर धरतात ती बेअरिंग, आणि बेअरिंगना धरतं ते बाहेरचं कवच. कवच केसभर जरी वाकलं तरी दाता पूर्ण रुंदीने टेकत नाही, कडेवर टेकतो, आणि सगळा भार त्या कडेवर येतो. गिअरबॉक्सची ताकद दात्यांइतकीच, कदाचित त्यांच्याहून जास्त, या न वाकण्यात असते. मला यंत्रातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. इथे थांबायला हरकत नाही.

या गाडीत बसलेला मूळ गिअरबॉक्स फ्रेंच: प्यूजोचा बीए-१०/५. त्याचं ॲल्युमिनियमचं कवच लांबीने दोन भागांत उघडतं. जीप बनवणाऱ्या अमेरिकन मोटर्स कंपनीत तेव्हा फ्रान्सच्याच रेनोची मोठी भागीदारी होती. १९८७ मध्ये ती क्रायस्लरकडे गेली. पुढे १९८९ च्या मध्यावर कारखान्यानेच या जागी जपानच्या आयसिनचा एएक्स-१५ बसवायला सुरुवात केली. सहा सिलिंडरच्या जोराखाली जुना गिअरबॉक्स लवकर थकतो, हे जीपवाल्यांमध्ये जुनं ज्ञान आहे. तरी त्याच्याकडे रागाने पाहू नका. याच घराण्यातला बीए-१० आपल्याकडे महिंद्राच्या डिझेल गाड्यांत चालला. त्या इंजिनांचा पीळ बराच कमी. म्हणजे गिअरबॉक्स मजबूत की कच्चा, हे एकट्या गिअरबॉक्सकडे बघून सांगताच येत नाही. पुढे कोणतं इंजिन आहे ते विचारावं लागतं.

आता मनानेच जुना खाली उतरवा. प्रोपेलर शाफ्ट, आधाराचा आडवा पट्टा, ट्रान्सफर केस, बेल हाउसिंगचे बोल्ट. हे कष्टाचं काम आहे, पण त्यात विचार करण्यासारखं थोडं.

विचार पुढे आहे. जुन्या गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर एकवीस स्प्लाइन आहेत. आपण बसवणार असलेल्या एएक्स-१५ च्या शाफ्टवर तेवीस. ट्रान्सफर केसच्या तोंडाशी असलेला गिअर एकवीसच ओळखतो. दोन खाचांचा फरक. अंधारात बोटांनाही कळायचा नाही. पण तेवढ्यासाठी नवी ताकद दारातच अडते. ट्रान्सफर केस उघडून तो इनपुट गिअर बदलावा लागतो, किंवा तेवीसची अख्खी ट्रान्सफर केस शोधावी लागते. म्हणून गिअरबॉक्स विकत घेण्याआधी शेजाऱ्यांची मोजमापं घ्या. पुढच्या बाजूलाही इनपुट शाफ्टचं टोक मोजा आणि त्याच मापाचं पायलट बेअरिंग क्रँकशाफ्टच्या शेवटी बसवा.

मग तो क्षण. गिअरबॉक्स जॅकवर वर आलेला आहे. शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांतून जाऊन पायलट बेअरिंगमध्ये शिरायचा आहे. अर्ध्या इंचावर अडलाय. हात आपोआप बोल्टकडे जातो: आवळला की येईल ओढला. त्या हाताला थांबवा. बोल्टने ओढलेला गिअरबॉक्स कवचाचा कान तोडतो, बेअरिंग चिरडतो. आणि अर्धवट लटकत सोडला, तर त्याचं सगळं वजन क्लच प्लेटच्या मध्यावर येऊन ती वाकते. जॅक किंचित वर, किंचित खाली. इंजिन आणि बेल हाउसिंग यांच्यातली फट चारी बाजूंनी सारखी दिसते का, ते पाहा. शाफ्ट थोडा फिरवा. दोन्ही मध्यरेषा एक झाल्या की गिअरबॉक्स हाताच्या दाबाने आत जातो. बोल्ट त्यानंतर.

या ताकदीची किंमतही शांतपणे पाहून घ्या. जुन्याचा पहिला गिअर ४.०३ चा, नव्याचा ३.८३ चा. म्हणजे खडकांवरून गाडी आता किंचित जास्त वेगाने सरकेल आणि चाकाला पीळ किंचित कमी मिळेल. पाचवा ०.७२ वरून ०.७९ वर आला. हमरस्त्यावर त्याच वेगाला इंजिनचे फेरे दहा टक्क्यांच्या आसपास वाढतील. मला हा व्यवहार मान्य आहे. जे टिकतं त्याच्याच भरवशावर माणूस गावापासून लांब जातो.

तेल भरताना डब्यावरचं लेबल वाचा. जीएल-३ किंवा जीएल-४ हवं. जीएल-५ मधली दाबाखाली टिकणारी रसायनं सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना त्रासदायक ठरू शकतात, आणि वेगळ्या गतीने फिरणाऱ्या गिअरला आणि शाफ्टला एका गतीवर आणण्याचं काम त्या नाजूक कड्याच करतात.

गाडीखालून निघण्याआधी नजर एकदा मागे न्या. जोर आता गिअरबॉक्समध्ये संपत नाही; तो प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांमधून मागच्या एक्सलपर्यंत येतो. बहुतेक कोमँचींना मागे डाना ३५ हा एक्सल असतो. जास्त वजन वाहणाऱ्या मेट्रिक टन प्रकारात त्याहून दणकट डाना ४४ आला. तुमच्या गाडीत कोणता आहे, ते कव्हरचा आकार पाहून कळेल. डाना ३५ असेल तर लो रेंजमध्ये क्लच सोडताना पाय सावकाश उचला.