चौथी वस्तू

अमेरिकेच्या आयडाहो राज्यात स्नेक आणि क्लिअरवॉटर या नद्यांच्या संगमावर लुइस्टन नावाचं गाव आहे. तिथली बरीच घरं हिवाळ्यातलं मांस शिकारीतून मिळवतात. ऑक्टोबरात एल्क जातीचं एक मोठं हरीण मिळालं की फ्रीझर भरतो. अशा घरांत उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी कुणी फेकत नाही. ती धुऊन, मापात आणून, घरच्या टेबलावर पुन्हा भरतात. त्याला चार वस्तू लागतात. पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा आणि ठिणगी देणारा इवलासा प्रायमर, बंदुकीची दारू आणि पुढे बसवायची गोळी. पुंगळी अनेकदा चालते, बाकीच्या तिन्ही दर वेळी नव्या लागतात. प्रायमर तर घरी करायची सोयच नाही, कारण त्यातलं रसायन नुसत्या ठोक्याने पेटतं. देशात प्रायमर बनवणारे मोठे कारखाने मोजकेच, आणि त्यांतला एक, सीसीआयचा, याच लुइस्टनमध्ये आहे.

त्या गावात एक म्हातारा सुतार होता. शिकारीचा परवाना काढण्याआधी मुलांना जे शिक्षण घ्यावं लागतं, त्या वर्गात त्याने कितीतरी वर्षं विनामोबदला शिकवलं होतं. ज्यांना पुढे काडतुसं भरायला शिकायचं असे, त्यांना तो स्वतःच्या तळघरात बोलवायचा. माणूस सढळ होता.

तो बदलला 2013 मध्ये. आदल्या डिसेंबरात कनेक्टिकटमधल्या न्यूटाउनच्या शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं गोळीबारात मारली गेली होती. आता बंदुकांवर कडक कायदे येणार, या धास्तीने देशभरच्या दुकानांत झुंबड उडाली. चिमुरड्यांच्या मरणानंतर लोकांना आधी आपल्या साठ्याची काळजी पडावी, हे मला फार क्लेशदायक वाटतं. पण झालं तसं. सुताराचे प्रायमर ऐन हंगामात संपले, आणि ज्यांना त्याने पूर्वी मुठीने दिले होते त्यांच्यातला एकही दार उघडेना. त्या वर्षी त्याचा फ्रीझर रिकामा राहिला. तेव्हापासून हातात पैसे आले की तो हजार प्रायमरचं एक खोकं घ्यायचा. घरात दहा हजारांपेक्षा जास्त प्रायमर ठेवू नयेत, असं अग्निसुरक्षेचे नियम सांगतात. सुताराच्या तळघरात सोळा हजार झाले.

मग 2020 उजाडलं. महामारी, रस्त्यांवरचा असंतोष, तोंडावर आलेली निवडणूक. लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक विकत घेतली. त्यातच जुलैत प्रायमर बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. उरलेल्या कारखान्यांचे प्रायमर आधी तयार काडतुसांत जाऊ लागले, सुटे विकायला फारसे उरेनात. तीस-पस्तीस डॉलरला मिळणारं हजाराचं खोकं शंभराच्या पुढे गेलं. कारखाना गावात, आणि गावातल्या दुकानाची फळी मोकळी!

सुतार तरीही रोज सकाळी दुकान उघडण्याआधी रांगेत उभा राहायचा. नेमबाजीच्या मैदानावर जाणं मात्र त्याने सोडलं, कारण प्रत्येक बाराला एक प्रायमर कमी होणार. सप्टेंबरात लाकडाच्या गिरणीत काम करणारा एक पोरगा त्याच्याकडे आला. त्याचाच जुना विद्यार्थी. गिरणीतले तास कमी झाले होते, घरात दोन लहान मुलं होती.

"आजोबा, रायफलचे थोडे प्रायमर असतील का? बाकी सगळं आहे माझ्याकडे."

"कुठले रे? मीच रोज रांगेत असतो, पाहतोस ना," सुतार म्हणाला.

पोरगा गेला. आठवडाभराने सुतार स्वतःची काडतुसं भरायला बसला, आणि दारूचा डबा उचलताच त्याच्या लक्षात आलं, तळाशी जेमतेम चमचाभर उरली आहे. सात वर्षं त्याने साठवले ते प्रायमर, कारण मागच्या वेळी तेच संपले होते. दारूकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. एव्हाना दुकानांतून तीही नाहीशी झाली होती. मीठ पोत्याने आणि पीठ शून्य, अशी त्याच्या घराची गत.

फळीवर मागच्या बाजूला एक जुना डबा होता, कुणाच्या तरी घरसामानाच्या विक्रीतून आलेला. त्यावरची चिठ्ठी फाटून गेली होती. त्याने झाकण उघडलं. करड्या, बारीक काड्या, अगदी त्याच्या नेहमीच्या दारूसारख्या. पण दिसायला सारख्या असलेल्या दोन दारूंची जळण्याची गती वेगळी असू शकते. एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब इतका चढू शकतो की बंदूक तोंडाशीच फुटेल. ज्या डब्यावर नाव नाही त्यातली दारू वापरायची नाही, हे त्याने शेकडो मुलांना सांगितलं होतं. तरी त्या रात्री त्याने ती तराजूच्या ताटलीत ओतली. वजन केलं. पुंगळीच्या तोंडाशी नरसाळंही धरलं. मग त्याचा हात थरथरला तो थांबेना. टंचाईची भीती माणसाकडून काय करून घेते ते इथे दिसतं. सोळा हजार प्रायमर उशाशी असलेला माणूस आपले डोळे आणि बोटं पणाला लावायला निघाला होता.

सकाळी त्याने त्या डब्यातली दारू मागच्या अंगणात गवतावर पातळ पसरली. नको असलेल्या दारूची अशीही विल्हेवाट लावतात, तिच्यातला नायट्रोजन गवताला चालतो. मग तो पोराच्या दारात गेला.

"तुझ्याकडे दारू आहे म्हणालास. थोडी विकत देशील?"

"ओतून देता येणार नाही, आजोबा. दारू मूळ डब्याबाहेर ठेवायची नाही, तुम्हीच शिकवलंत. पुंगळ्या घेऊन या, इथेच बसून भरा." मग पोरगा थबकला. "पण तुमच्याकडे प्रायमर कुठे आहेत?"

सुताराला उत्तर द्यायला वेळ लागला. "आहेत. तू आलास तेव्हाही होते."

पोराने मान खाली घातली. रागावला असावा. पण टेबलावरचं सामान बाजूला सारून त्याने दुसरी खुर्ची ओढली.

"तुला किती लागतील?" सुताराने विचारलं.

"वीस. काही नेम जुळवायला, बाकीचे हंगामाला. उरतातसुद्धा."

सुतारालाही वर्षाला चाळीसच्या वर कधी लागले नव्हते. त्याने मनात भागाकार केला. तळघरातला साठा चारशे वर्षं पुरणार होता.

पुढच्या शनिवारी त्याने काडतुसं भरणाऱ्या सगळ्यांसाठी तळघर उघडलं. कुणी गोळ्या आणल्या, कुणी दारू, एका नर्सने वडिलांच्या जुन्या पुंगळ्यांची पिशवी आणली. सगळं गोड झालं असं नाही. एकाने दोनशे प्रायमर घरी नेले आणि तिप्पट भावाने विकले. ते कळल्यावर लोक म्हणाले, "आता बंद करा." सुताराने बंद केलं नाही. फक्त एक नियम घातला: न्यायचं ते भरलेलं काडतूस, प्रायमर सुटा मिळणार नाही. 2013 मध्ये दार न उघडणाऱ्यांपैकीही एक जण आला. सुताराने त्याला खुर्ची दिली, पण त्या दिवशी त्याच्याशी तो फारसा बोलू शकला नाही.

2024 मध्ये उलटं झालं. प्रायमर दुकानांत पुन्हा दिसू लागले होते. आता युक्रेनच्या युद्धासाठी तोफगोळ्यांची मागणी वाढली, कापसापासून बनणारं नायट्रोसेल्युलोज जगभर कमी पडलं आणि बंदुकीची दारू दुर्मिळ झाली. सुताराकडे डबाभरही नव्हती. गिरणीतल्या पोराकडे होती, म्हणून त्या हंगामात शनिवारचं टेबल त्याच्या घरी लागलं.